घरी बसलेल्या माणसाला काम हवं

२०२० च्या उन्हाळ्यात पुण्यातल्या प्रत्येक फोनवर एकच उपदेश फिरत होता. घरी राहा, आनंदात राहा, मन रमवा. कुणी प्राणायामाचे व्हिडिओ पाठवत होतं, कुणी फेसून फेसून केलेल्या डालगोना कॉफीचा फोटो, कुणी गच्चीत लावलेल्या मेथीचा. राहून गेलेले छंद पुरे करा, कपाटं आवरा, जुने अल्बम काढा, नवी भाषा शिका. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला होता आणि त्यातल्या पुष्कळ गोष्टींनी पुष्कळांची संध्याकाळ सुसह्य केली. माझा आक्षेप या उपदेशाने गृहीत धरलेल्या दोन गोष्टींवर आहे. एक म्हणजे साथीच्या काळात मन ताळ्यावर ठेवणं ही ज्याची त्याची खासगी बाब आहे. दुसरी म्हणजे वेळ भरून काढला की मन आपोआप ठिकाणावर राहतं. मला दोन्ही पटत नाहीत. घरात बसवलेल्या माणसाला करमणुकीपेक्षा काम जास्त लागतं. काम म्हणजे ज्याच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी आपली वाट बघत असतं ते. आणि असं काम घरोघरी पोचवणं ही शहराची जबाबदारी आहे, रेशन आणि औषधं पोचवण्याइतकीच.

हे आता कशाला उकरून काढायचं, असं कुणी विचारेल. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, मास्क कपाटात गेले, सगळे कामाला लागले. पण पुण्याला साथी नव्या नाहीत. स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला तो ऑगस्ट २००९ मध्ये, पुण्यातच. शाळा आणि चित्रपटगृहं तेव्हाही बंद झाली होती. राज्यातले कोविडचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० ला सापडले तेही पुण्यात. २०२४ च्या पावसाळ्यात एरंडवण्यात झिका आला. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे, म्हणजे गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण वाढत गेले आणि लोक पाणी उकळून पिऊ लागले. त्या जानेवारीत शहरात एकही नगरसेवक नव्हता, कारण महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती आणि निवडणूक झालेली नव्हती. विषाणूशी लढायची साधनं आपल्याकडे आहेत. राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था इथे आहे, कोविशिल्डच्या कुप्यांचे पहिले ट्रक १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे इथूनच निघाले. घरात अडकलेल्या माणसाचं काय करायचं, याचा मात्र आपण अजून नीट विचारही केलेला नाही.

एक उदाहरण जवळून पाहिलेलं सांगते. आमची इमारत सहकारनगरातली, जुनी, तीन मजली, लिफ्ट नसलेली. दुसऱ्या मजल्यावरचे काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. काकू काही वर्षांपूर्वी गेल्या, मुलगा परदेशात. टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यांत त्यांच्या घरातून दिवसभर वृत्तवाहिनीचा आवाज यायचा. त्यांनी एक लांबोडकी वही केली होती. तिच्यात रोज चार रकाने भरायचे: जगातले रुग्ण, देशातले, राज्यातले, पुण्यातले. मुलगा रोज व्हिडिओ कॉलवर सांगायचा, "बाबा, बातम्या बघू नका हो, नाट्यसंगीत लावा." ते लावायचेही. पद संपलं की पुन्हा बातम्या. जेवणाच्या वेळा हुकायला लागल्या. दाढी वाढली. दूधवाल्याने दाराशी ठेवलेली पिशवी नऊ वाजले तरी बाहेरच असायची.

मग तळमजल्यावरच्या आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या आणि दोन दिवस कुणाला पत्ताच नव्हता. आजींना वाटलं, सगळेच अडचणीत, कुणाला सांगायचं. ते कळल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरी ताईंनी काकांना फोन केला. "काका, आपल्या इमारतीतल्या साठीपुढच्या सगळ्यांच्या औषधांचा हिशेब तुम्ही ठेवाल का? माझ्याच्याने होत नाहीये." काकांनी तीच वही उलटीकडून सुरू केली. नाव, गोळी, सकाळी की रात्री, किती दिवसांच्या उरल्या, औषधवाल्याला कधी कळवायचं. पट्टीने आखलेले रकाने, कारखान्याच्या स्टोअरमध्ये असावेत तसे. रोज सकाळी दहाला फोन सुरू. "नमस्कार, दुसऱ्या मजल्यावरून बोलतोय. आपल्या थायरॉईडच्या गोळ्या किती राहिल्यात? अंदाजे नको, पट्टी हातात घ्या आणि मोजून सांगा. मी थांबतो." ते खरोखरच थांबायचे. मोजून झालं की गुडघा कसा आहे, अमेरिकेतली नात काय म्हणते, भाजीवाला आज येणार का, हेही व्हायचं.

औषधं आणायचं काम तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाकडे आलं. त्याचा दहावीचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला गेला आणि शेवटी रद्दच झाला होता. अभ्यास नाही, निकाल नाही, मित्र नाहीत, नुसता मोबाइल. काकांनी त्याला पद्धत घालून दिली. पिशवी कडीला अडकवायची, बेल वाजवायची, चार पायऱ्या खाली उतरून उभं राहायचं, आतून "मिळाली रे बाळा" ऐकू आलं की मगच निघायचं. मुलगा हे सगळं एखाद्या कुरियरवाल्याच्या गंभीरपणाने करायचा. काकांची दाढी होऊ लागली. आकडे लिहिणं त्यांनी सोडलं नाही, पण ते रात्री एकदाच, झोपण्याआधी.

नाट्यसंगीताने जे साधलं नाही ते त्या वहीने का साधलं, हा माझ्या दृष्टीने मुख्य प्रश्न आहे. करमणूक ऐच्छिक असते. आज गाणं ऐकलं नाही तर कुणाचं अडत नाही, आणि कुणाचंच अडत नाही हीच टोचणी घरी बसलेल्या माणसाला आतून खात असते. छंद हा कामाच्या माणसाला विसावा म्हणून गोड लागतो. सगळा दिवसच विसाव्याचा झाला की त्याची गोडी जाते. उलट दहाचा फोन चुकला तर तळमजल्यावरच्या आजी काळजीत पडणार, म्हणून साडेनऊपर्यंत आंघोळ उरकावी लागते. आंघोळीआधी चहा लागतो, चहाला दूध लागतं, म्हणून दार उघडावं लागतं. दिवसाला आकार येतो तो असा, पलीकडच्या माणसापासून उलटा मोजत. "सकारात्मक राहा" म्हणून तो येत नाही. काळजी जात नाहीच. जायला नकोही, कारण साथीत काळजी वाटणं हे शहाणपणाचंच लक्षण आहे. पण काळजीला हातपाय फुटतात, ती पट्टीतल्या गोळ्या मोजायला लागते.

२०२० साली आपण ज्येष्ठांशी वागलो ते नेमकं याच्या उलट. मे महिन्यातल्या केंद्राच्या सूचनांनी ६५ वर्षांपुढच्यांना घरातच राहायला सांगितलं. आजाराचा धोका पाहता ते योग्य होतं, त्यावर माझं काहीच म्हणणं नाही. पण त्यापाठोपाठ घराघरांतून जे ऐकू येऊ लागलं ते असं होतं: तुम्ही काही करू नका, तुम्ही फक्त बसा. भाजी आम्ही आणतो, बिल आम्ही भरतो, बँकेत तुम्ही जायचं नाही. प्रेमापोटी आपण त्यांच्या हातातली एकेक गोष्ट काढून घेतली आणि मग त्यांना आनंदी राहायचे संदेश पाठवले. त्यांच्या सकाळच्या वर्तमानपत्राचंही तेच झालं. एप्रिल २०२० मध्ये राज्य सरकारने वर्तमानपत्रं घरपोच देण्यावर बंदी घातली, आणि काही दिवसांत ती सैल केली तेव्हाही मुंबई आणि पुणे परिसराला वगळलं. शब्दकोडं सोडवल्याशिवाय ज्यांचा दुसरा चहा होत नाही अशी माणसं पुण्यात किती आहेत, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको.

साथीच्या काळात या शहरातली एक बाई काय करत होती, तेही आठवावं. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले ६६ वर्षांच्या होत्या. डॉक्टर झालेले त्यांचे चिरंजीव यशवंत यांनी हडपसरच्या बाजूला माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना घातला आणि सावित्रीबाई रुग्णांना तिथे पोचवत राहिल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. आजच्या साठीपुढच्या माणसाने रुग्णाला उचलायला धावावं, असं मला मुळीच सुचवायचं नाही. लागण कशी होते हे आपल्याला त्यांच्यापेक्षा पुष्कळ जास्त कळतं आणि हातात फोन आहे. मला सुचवायचं आहे ते एवढंच, की ६६ वर्षांच्या माणसाकडे संकटात देण्यासारखं काही नसतं, असं या शहराने तरी समजू नये. १८९७ सालच्याच साथरोग कायद्याचा आधार मार्च २०२० मध्ये आपण घेतला. तो कायदा लोकांना अडवतो, हटवतो, तपासतो. लोकांकडून काही मागत नाही. आपल्या सगळ्या टाळेबंदीचा स्वभाव तसाच राहिला. नागरिक म्हणजे आवरून धरायचा धोका.

इथवर मी ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांना किमान घर होतं. पण "घरी मन रमवा" या उपदेशाचं सगळ्यात मोठं अपुरेपण पर्वतीच्या पायथ्याशी दिसत होतं. आमच्या इमारतीत धुणंभांडी करणाऱ्या ताई जनता वसाहतीत राहतात. एक खोली, तिच्यात पाच माणसं, वर पत्रा. मे महिन्यात दुपारी त्या पत्र्याखाली बसवत नाही, म्हणून वस्तीतल्या बायका एरवी दारात बसून भाजी निवडतात, पोरं बोळात खेळतात. नंतर एकदा त्या मला म्हणाल्या, "आत बसलं तर जीव घाबरा होतो, दारात बसलं तर पोलिस हाकलायचे. पोरांना कुठं ठेवायचं, ते कुणी सांगितलंच नाय." आम्ही त्यांना पगार देत राहिलो. पण सगळ्याच घरांनी दिला नाही, हेही त्यांच्याकडूनच कळलं. आणि सोसायट्यांची फाटकं त्यांच्यासाठी सगळ्यात शेवटी उघडली.

हा केवळ सोयीगैरसोयीचा मामला नव्हता. जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये आयसर ही विज्ञानसंस्था आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ यांच्या सहभागाने शहरातल्या पाच प्रभागांत रक्ताच्या नमुन्यांची पाहणी झाली. तपासलेल्यांपैकी ५१.५ टक्के लोकांना तोवर लागण होऊन गेली होती. लोहियानगर-कासेवाडीत हे प्रमाण ६५.४ टक्के होतं. सामायिक स्वच्छतागृह वापरणाऱ्यांमध्ये ते ६२ टक्क्यांच्या आसपास होतं आणि स्वतंत्र स्वच्छतागृह असलेल्यांमध्ये ४५ च्या आसपास. म्हणजे पेठांतल्या गल्ल्यांना पत्रे ठोकून, भवानी पेठेत बांबू बांधून आपण ज्यांना घरात बसवलं, त्यांना घरात बसून जे संरक्षण मिळायला हवं होतं तेच मिळालं नाही. सकाळी नळावर आणि स्वच्छतागृहाच्या रांगेत उभं राहणं चुकत नव्हतं. अशा माणसाला आनंदी राहायचे उपाय सांगण्याआधी शहराने त्याच्या जागेची, रोजीची आणि जेवणाची सोय केली पाहिजे. २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांत सुरू झालेली शिवभोजन थाळी मार्चअखेर पाच रुपयांना केली, हा त्या काळातला एक चांगला निर्णय. मनाच्या आरोग्याचाही तो निर्णय होता, असं मी म्हणेन.

वस्तीतल्या या ताईंनाही पुढे काम सापडलं. वस्तीतल्या एका मंडळाने गणपतीच्या मांडवाच्या जागेत चूल मांडली, आणि त्या आणखी काही जणींबरोबर तिथे जाऊ लागल्या. भात, आमटी, कधी बटाट्याची भाजी. दुपारपर्यंत डबे भरून व्हायचे. बदल्यात दोन वेळचं घरी नेता यायचं आणि काही दिवस थोडे पैसेही मिळाले. त्या दिवसांविषयी त्या आजही रंगून बोलतात: कुणाच्या हातची आमटी पोरांना आवडायची, कोण मीठ विसरायचं, एक म्हातारे बाबा रोज दोन डबे मागायचे आणि दुसरा कुणासाठी ते कसं नंतर कळलं. त्याच महिन्यांतल्या बाकीच्या दिवसांविषयी विचारलं तर "कसे गेले, माहीत नाही" एवढंच म्हणतात.

आणखी एका घटकाला रिकामपण घालवायचे उपाय कधीच लागले नाहीत. घरातल्या बाईला. माणसं चोवीस तास घरात, मोलकरीण बंद, मुलांची शाळा मोबाइलवर, आजारी माणसाचा वेगळा डबा, वेगळी भांडी. युट्यूबवर बघून केलेला केक सगळ्यांनी खाल्ला आणि भांडं तिने घासलं. काही घरांत ती भीतीच्या सावटाखाली अडकली होती. राष्ट्रीय महिला आयोगाला एप्रिल २०२० मध्ये कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारींसाठी वेगळा व्हॉट्सॲप क्रमांक सुरू करावा लागला. तेव्हा काम वाटायचं म्हणताना ते आधी घरातच वाटायला हवं. ज्या घरात काकांना वही मिळते आणि मुलाला पिशवी, तिथे बाईच्या डोक्यावरचं थोडं तरी उतरलं पाहिजे.

यावर एक आक्षेप मला रास्त वाटतो. सगळ्यांना कामाला लावून दुःख थोपवता येतं, असं म्हणणंही एक प्रकारची सक्तीच नाही का? एप्रिल-मे २०२१ आठवा. ऑक्सिजनच्या खाटेसाठी रात्र रात्र फोन, रेमडेसिविरसाठी औषध दुकानांसमोर रांगा, वैकुंठ स्मशानभूमीबाहेर थांबलेल्या गाड्या. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांना ना शेवटचं बघता आलं, ना दहाव्याला चार नातेवाईक जमवता आले. आपल्याकडे दुःखाला भेटायला जायची रीत आहे. येणारा फार बोलत नाही, पाणी घेतो, थोडा वेळ बसतो, उठतो. तेवढ्यानेही माणूस तरतो. ती बैठकच मोडली. अशा घराला छंदही नको होते आणि वहीही नको होती. मोबाइलवर हात जोडलेल्या चित्राऐवजी एक फोन हवा होता, आणि तोही न घाईचा. पण तो फोन कुणी करायचा? तोही कुणाचं तरी नेमलेलं काम असतं तर तो झाला असता. संकोचामुळे, "काय बोलणार" म्हणून, आपल्यापैकी कितीतरी जणांनी तो पुढे ढकलला. काम वाटून दिलेलं असलं की असा संकोच ओलांडायला बळ मिळतं.

सामूहिक शिस्त माणसाला घरातही कशी धरून ठेवते, याचा अनुभव आपल्याला परंपरेतून आहे. २०२० च्या जूनमध्ये देहू आणि आळंदीहून पालख्यांचं प्रस्थान झालं आणि पादुका मंदिरातच थांबल्या. ३० जूनला त्या एसटीने पंढरपूरला गेल्या. पुण्यात पालख्यांच्या मुक्कामाचे दोन दिवस रस्ते मोकळे होते. पण ओळखीचे वारकरी वाटचालीच्या त्या दिवसांत घरीच पहाटे काकडा करत होते, आज मुक्काम जेजुरी, आज लोणंद, असं म्हणत संध्याकाळी हरिपाठ म्हणत होते. आपल्याच वेळेला हजारो घरांत हेच चाललंय, ही जाणीव त्यांना पुरत होती. ज्याला अशी परंपरा नाही त्याच्यासाठी काही उभं करावं लागेल, आणि ते नागरी स्वरूपाचं असावं लागेल.

इथे मला ग्रंथालयांविषयी बोलायचं आहे, कारण आपण काय आवश्यक मानलं हे तिथे उघडं पडलं. मे २०२० च्या सुरुवातीला मद्याची दुकानं उघडायला परवानगी मिळाली. त्याच महिन्यात मद्य घरपोच देण्याचीही सोय झाली. ग्रंथालयं उघडायला राज्य सरकारने परवानगी दिली ती १५ ऑक्टोबरला. मद्यातून महसूल मिळतो, हे कारण मला समजतं. पण १८४८ पासून चालत आलेलं पुणे नगर वाचन मंदिर, १९११ चं पुणे मराठी ग्रंथालय आणि उपनगरांतली लहानमोठी वाचनालयं ज्या शहरात आहेत, तिथे पुस्तक घरपोच देण्याची योजना सात महिन्यांत सुचू नये? करण्यासारखं ते होतं. परत आलेलं पुस्तक तीन दिवस बाजूला ठेवायचं आणि मग पुन्हा द्यायचं, ही पद्धत अनेक ठिकाणी पाळली गेली. टपाल खातं त्या सगळ्या काळात चालू होतं, पोस्टमन औषधांची पाकिटंही पोचवत होते. वाचनालयांकडे वाचकांचे पत्ते होते, आवडी माहीत होत्या. आणि पुस्तक नुसतं पाठवून थांबायचं कारणही नव्हतं. ज्यांना दिसत नाही त्यांना फोनवरून रोज चार पानं वाचून दाखवणारे पुण्यात शेकड्याने मिळाले असते. निवृत्त शिक्षिकांचा आवाज अजून खणखणीत असतो. लहान मुलांनाही तो हवा होता. पहिली ते चौथीच्या मुलांची शाळा या शहरात पुन्हा भरली ती डिसेंबर २०२१ मध्ये. पावणेदोन वर्षं. पहिलीत जायची मुलं तिसरीच्या उंबरठ्यावर आली. ज्या घरात एकच फोन होता, आणि तोही वडिलांबरोबर कामावर जात होता, तिथल्या मुलाला आठवड्यातून तीनदा कुणी दहा मिनिटं गोष्ट वाचून दाखवली असती तरी काही अक्षरं टिकली असती.

मोकळ्या हवेचंही तसंच. बागा आणि टेकड्या महिनोन्महिने बंद राहिल्या. बंद खोलीपेक्षा उघड्यावर लागण होण्याचा धोका पुष्कळ कमी असतो, हे पुढे स्पष्ट झालं. पुढच्या वेळी तळजाई, पर्वती, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी पूर्ण बंद करण्याऐवजी वेळा वाटून द्याव्यात आणि वस्तीतल्या मुलांना त्यात पहिला वाटा असावा, कारण त्यांना घरात जागाच नाही. महापालिकेच्या शाळांची मैदानं आणि मोठे वर्ग दिवसा पाळीपाळीने उघडता येतील. रोग वेगळा असेल तर नियम वेगळे ठरतील. हवेतून पसरणाऱ्या आजाराला जे लागू ते पाण्यातून पसरणाऱ्याला नाही. पण "सगळं बंद" हा विचार न करता घेतलेला निर्णय असू नये.

हे सगळं स्वयंसेवकांच्या माथी मारून सरकारने हात झटकावेत, असं मला म्हणायचं नाही. स्वच्छ संस्थेच्या कचरावेचक बायका साथीत रोज आमच्या दाराशी आल्या. त्यांना घरी बसायची मुभाही नव्हती आणि घरी बसून चालणारही नव्हतं. अशा माणसांना हातमोजे, विमा आणि मोबदला आधी मिळाला पाहिजे. वस्तीत स्वयंपाक करणाऱ्या बायकांना रोज ठरलेली मजुरी मिळाली पाहिजे, मंडळाला जमेल तसं नव्हे. फोन करणं, वाचून दाखवणं, औषधांचा हिशेब ठेवणं ही कामं मात्र पगारी नसली तरी चालतील, कारण ती करणाऱ्याला ती हवी असतात. त्यांना लागतं ते कुणीतरी विश्वासाने सोपवणं.

आणि सोपवायची व्यवस्था साथ येण्याआधीच तयार असायला हवी. महापालिकेची पंधरा क्षेत्रीय कार्यालयं आहेत, जवळपास प्रत्येक भागात ज्येष्ठ नागरिक संघ आहे, प्रत्येक गल्लीत मंडळ आहे. दरवर्षी जूनमध्ये, नालेसफाईच्या बैठकीबरोबर, प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाने या तिघांना एकत्र बसवावं आणि यादी ताजी करावी: कोण एकटं राहतं, कुणाला कोणतं औषध अखंड लागतं, कोण फोन करू शकेल, कोण मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू वाचून दाखवेल, कोणाच्या घरात चार मुलं आणि एक फोन आहे. यादी संघाकडे राहावी, कारण त्यात लोकांची खासगी माहिती असेल आणि ती कुठल्याही ग्रुपवर फिरता कामा नये. ग्रंथालयं अत्यावश्यक सेवांच्या यादीत यावीत, त्यासाठी राज्य सरकारकडे ठराव पाठवावा. प्रत्येक वाचनालयाला पिशव्या आणि टपालखर्चासाठी थोडी तरतूद वर्षाच्या अंदाजपत्रकात असावी. यंदाच्या प्रभागसभेत मी हे मांडणार आहे. आमच्या इमारतीतल्या औषधांच्या रकान्यांचा नमुना सोबत जोडणार आहे, काकांची परवानगी घेऊन. त्यांनी त्यात "आपत्कालीन संपर्क" असा एक रकाना वाढवायला सांगितला आहे.